तांबट आळीचे फोटो तीन जागी लावले: कलादालन, कॅफे आणि देवळाचा सभामंडप

माझा धंदा लग्नाचे फोटो काढण्याचा. अठरा वर्षं झाली, धायरीत छोटा स्टुडिओ आहे. मुहूर्त नसतात त्या दिवसांत मी कॅमेरा घेऊन पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीत जाते. तीन वर्षं अशी जात राहिले आणि गेल्या वर्षी त्यातले चोवीस फोटो पहिल्यांदा लोकांसमोर लावले. तेच चोवीस फोटो, त्याच फ्रेमा, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत तीन अगदी वेगवेगळ्या जागा. तेव्हापासून ओळखीतले निदान दहा जण तरी विचारून गेले की कुठे लावलेस, किती खर्च आला, लोक येतात का. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

आधी फोटो कशाचे ते सांगते, कारण जागांबद्दल मी जे म्हणणार आहे ते त्याच्याशी बांधलेलं आहे. पेशवाईत कोकणातून तांबट पुण्यात आले आणि कसब्यात वसले. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या, पातेली हे त्यांचं काम. आज पत्रा तयार मिळतो, बराचसा आकार यंत्रावर होतो, पण मठारकाम अजून हातानं होतं. भांडं लोखंडी दांड्यावर पालथं घालायचं आणि बुडाच्या मध्यापासून हातोडीचे ठोके गोल गोल बाहेर नेत जायचं. प्रत्येक ठोक्याची एक चपटी खूण उठते. या खुणा नुसत्या शोभेच्या नाहीत, ठोकल्यामुळे मऊ तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडंही दणकट बनतं. आळीत पहिल्यांदा शिरलं की आवाजानं कान बधिर होतात. तासाभरानं त्या गलक्यातून एकेक हातोडी वेगळी ऐकू यायला लागते. मला ते कळायला एक अख्खा पावसाळा गेला.

भांड्यांची नीट ओळख व्हावी म्हणून मी मधल्या काळात बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चार-पाच वेळा जाऊन आले. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेली ही घरगुती वस्तूंची दौलत त्यांनी १९७५ साली राज्य सरकारच्या हवाली केली. तिथली भांडी आणि दिवे बघताना कळलं की आपण काचेआड ठेवतो त्या वस्तूंमागचा हात दीड-दोन किलोमीटरवर अजून चालू आहे. प्रदर्शन भरवायचं खरं तर तेव्हाच मनात आलं.

छपाई आणि फ्रेम

जागेपेक्षा जास्त पैसे इथे जातात, म्हणून हे आधी. सगळे फोटो १६ बाय २४ इंचाचे, कृष्णधवल. त्यातले आठ मी हानेम्यूलेच्या फोटो रॅग कागदावर छापून घेतले. १५८४ सालापासून चालत आलेल्या जर्मन कागद गिरणीचा हा शंभर टक्के सुती कागद, वजन ३०८ जीएसएम (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम), पृष्ठभाग मॅट, म्हणजे न चमकणारा. बाकीचे सोळा साध्या लस्टर, म्हणजे किंचित चमक असलेल्या फोटो कागदावर. सुती कागदाचा एक प्रिंट मला १,३५० रुपयांना पडला, लस्टरचा ४५० ला. फ्रेम, माउंट आणि पुढे ॲक्रिलिक मिळून प्रत्येकी १,८००. एकूण ६१,२०० रुपये, म्हणजे माझ्यासाठी एका चांगल्या लग्नाची कमाई.

सुती कागदाबद्दल माझं मत स्वच्छ आहे. धूर, काजळी, सावलीतली भिंत, काळवंडलेले हात असं सगळं असेल तर तो कागद पैसे वसूल करून देतो. काळ्यामधला काळा त्यात दिसतो आणि दिव्याची चमक वर तरंगत नाही. पण भट्टीच्या ज्वाळेचा फोटो, घासलेल्या घागरीचा फोटो, म्हणजे ज्यात उजेडच बोलतो, ते लस्टरवर अधिक जिवंत दिसले. महागडा कागद सगळ्याला लावायची गरज नाही. आधी छोटे तुकडे दोन्ही कागदांवर छापून घ्या, ते घरी खिडकीपाशी आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा आणि मग ठरवा.

फ्रेमा रविवार पेठेतल्या एका काकांकडून करून घेतल्या. त्यांना जाहिरात नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही. या माणसानं मला जे शिकवलं ते कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, प्रिंट मागून चारी बाजूंनी चिकटवून टाका, म्हणजे सरळ राहील. ते म्हणाले, "ताई, पावसाळ्यात कागद फुगतो. चारी बाजूंनी आवळलात तर तो मधेच लाटा काढणार. वर दोन बिजागऱ्या देतो, खाली मोकळा सोडतो." पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या वरच्या कडेला लावून त्यांनी प्रिंट अक्षरशः लोंबकळता ठेवला. काचेऐवजी ॲक्रिलिक हाही त्यांचाच आग्रह. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, रिक्षात एकावर एक ठेवून न्यायला सोपं, फुटण्याची धास्ती नाही. तोटा एकच, चरे पडतात, त्यामुळे पुसायला मऊ सुती कापडच हवं. माउंट मात्र अजिबात गाळू नका. प्रिंट आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये ती जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच. दमट हवेत प्रिंट पुढच्या काचेला किंवा ॲक्रिलिकला टेकला की चिकटतो आणि मग सोडवताना शाईच सुटते. असा एक फोटो मी घालवलेला आहे, माझ्या आजोबांचा.

बालगंधर्व कलादालन

जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातलं हे कलादालन. या वास्तूची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. ती उभी राहिलेली बघायला ते नव्हते, १९६७ च्या जुलैत ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला उद्घाटन झालं. माझ्या वडिलांनी मला आयुष्यातलं पहिलं फोटोंचं प्रदर्शन इथेच दाखवलं, तेव्हा मी नववीत होते. त्यामुळे माझे पहिले फोटो इथेच लागावेत असं मनात पक्कं होतं, आणि ते जमलं याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

मला ऑगस्टमधले तीन दिवस मिळाले. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, १८३९ साली त्या दिवशी दागेरोटाइपची, म्हणजे फोटो काढण्याच्या एका सुरुवातीच्या पद्धतीची, कृती पॅरिसमध्ये जगापुढे ठेवली गेली, त्यामुळे त्या आठवड्यात गावात फोटोवाल्यांची वर्दळ असते. कलादालनाची तारीख हातात येईपर्यंत छपाईला पैसे देऊ नका आणि अर्ज बराच आधी करा, एवढं आवर्जून सांगते. फोटो लावायला जाण्याआधी एकदा नुसतं टेप घेऊन जा. भिंती मोजा, कागदावर आखा, कुठला फोटो कुठल्या शेजारी बसणार ते घरीच ठरवा. मी जमिनीवर जुनी चादर अंथरून चोवीसही फ्रेमांची मांडणी आधी करून पाहिली होती, म्हणून लावण्याचं काम साडेतीन तासांत उरकलं.

उंचीचा एक नियम सगळे पाळतात, जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंत ५७ ते ६० इंच. उभ्या माणसाच्या नजरेची ती उंची. मी ५८ धरले. सगळे फोटो एका रेषेत आले की खोली शांत होते, हे मी वाचलं होतं, त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं.

या जागेचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तिथे येणारी माणसं. कलादालनात येणारे रसिक तर येतातच, पण नाटकाला पाऊण तास लवकर पोचलेली माणसंही सहज वळतात. साडेबाराच्या प्रयोगाला आलेलं एक जोडपं, दोघंही सत्तरीच्या घरातले, चोवीस फोटोंपुढे अर्धा तास उभं होतं. काकूंनी बंबाच्या फोटोसमोर थांबून यजमानांना सांगितलं, "आपला बंब तुम्ही मोडीत घातलात." ते काहीच बोलले नाहीत. बाहेर जाताना त्यांनी माझ्याकडून आळीचा पत्ता लिहून घेतला. संभाजी बागेतून फिरून आलेली मुलं, महाविद्यालयातले विद्यार्थी, मेट्रोच्या छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरून पावसासाठी आडोशाला आलेले लोक, सगळे होते. प्रवेशाला तिकीट नाही, कुणी कुणाला अडवत नाही. अभिप्रायाच्या वहीची एकवीस पानं भरली. जाणकारांनी काळ्या-पांढऱ्या छटांबद्दल, चौकटीबद्दल फार चांगलं लिहिलं. चार फोटो विकले गेले. नवख्या माणसाला पुण्यात यापेक्षा चांगली सुरुवात नाही, असं मी मनापासून सांगेन.

आता एक गोष्ट. तिचा दोष कलादालनाकडे अजिबात जात नाही. फोटोत असलेल्या अकरा कुटुंबांना मी घरोघर जाऊन निमंत्रण दिलं होतं. त्यातली तीन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, कामाचे कपडे बदलून, बायका चांगल्या साड्या नेसून. दारात त्यांनी चपला काढल्या. मी धावत गेले, म्हटलं, इथे काढायच्या नसतात, या आत. तिथले कर्मचारीही हसून या या म्हणाले. तरी त्या चपला बाहेरच राहिल्या. सगळे हात मागे बांधून हळू आवाजात बोलत फिरले आणि दहाव्या मिनिटाला निघाले. ज्या माणसांच्या हातोडीच्या आवाजानं माझे कान दुखायचे ती माणसं स्वतःच्या फोटोपुढे कुजबुजत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. कसबा आणि ही जागा यांच्यामध्ये एक नदी आणि एक पूल आहे, जेमतेम दीड-दोन किलोमीटर. तरी अंतर फार वाटलं. हे फोटो आळीत न्यायचे, हे मी तेव्हाच ठरवलं.

कॅफे

पण आधी कॅफे आला, कारण फ्रेमा घरात पडून होत्या आणि बोलावणं आलं. शहराच्या पश्चिमेकडच्या नव्या वस्तीतला कॅफे, नाव देत नाही. भाडं नव्हतं, विकलेल्या फोटोमागे चाळीस टक्के त्यांचे. दोन महिन्यांसाठी बारा फोटो दिले. थोडक्यात सांगते, कारण यावर फार लिहावंसं वाटत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी न सांगता गेले तेव्हा त्यांनी फोटो परस्पर हलवलेले होते. दोन कॉफीच्या यंत्राच्या वर, वाफेत. आणि आळीतल्या सगळ्यात वयस्क कारागिराचा फोटो, ज्यात ते पहाटे भट्टीला नमस्कार करताहेत, तो हात धुण्याच्या बेसिनवर. आरशाच्या शेजारी. तिथे जागा रिकामी होती, एवढंच उत्तर मिळालं. मी बाराही फोटो त्याच दिवशी काढून आणले. वाफेतल्या दोनपैकी एका प्रिंटला आतून लाट आली होती, तो लस्टरवरचा होता. सुती कागद मोकळा लोंबकळत असल्यामुळे सुकल्यावर सरळ झाला. फ्रेमवाल्या काकांना मी दुकानात जाऊन हे सांगितलं तेव्हा त्यांना फार समाधान वाटलं.

कॅफेत फोटो लावू नयेत असं माझं म्हणणं नाही. चांगले अनुभव आलेले सहकारी मला माहीत आहेत. फक्त कागदावर लिहून घ्या की कुठला फोटो कुठल्या भिंतीवर, विचारल्याशिवाय हलवायचा नाही, नुकसान झालं तर भरपाई किती. आणि फोटोत माणूस असेल तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना आधी विचारा की तुमचा फोटो खाण्यापिण्याच्या जागी लावला तर चालेल का. मी कलादालनासाठी परवानगी घेतली होती, कॅफेसाठी वेगळी घेतली नव्हती. ती माझी चूक, आणि बेसिनवरचा फोटो पाहिल्यावर ती मला फार टोचली. त्या आजोबांना मी घडलेलं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काढून आणलास ना? मग झालं."

देवळाचा सभामंडप

आळीतल्या मंडळींशी बोलणी गणपती झाल्यावर सुरू केली. दिवाळीपर्यंत कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, धनत्रयोदशीची खरेदी असते. म्हणून तुळशीचं लग्न लागल्यावरचा शनिवार आणि रविवार ठरला. जागा म्हणजे आळीतल्याच देवळाचा सभामंडप. भाडं नाही. मी देणगी म्हणून १,००१ रुपयांची पावती फाडली, तीही माझ्याच आग्रहानं.

भिंतीला खिळा ठोकायचा नाही ही एकच अट होती, आणि ती रास्तच होती. मांडववाल्याकडून लोखंडी पाइप आणि काळं कापड आणलं, पाइपांची चौकट उभी केली. फ्रेमा टांगायच्या कशानं हा प्रश्न होता. मी सुतळी आणली होती. एक दादा, वय पस्तिशीचं असेल, माझ्या हातातली सुतळी बघून म्हणाले, "याला नको लावू ताई, हे बरं दिसणार नाही." दुकानात गेले, जाड तांब्याची तार घेऊन आले, आणि पायरीवर बसून पक्कडीनं एकेक आकडा वळवायला लागले. एस अक्षरासारखा, वरचं तोंड मोठं, पाइपावर बसेल असं, खालचं छोटं. टोकांना हातोडीचा एकेक ठोका, म्हणजे तार बोचू नये आणि फ्रेम घसरू नये. अठ्ठेचाळीस आकडे, एकाही फ्रेमची उंची केसभर इकडे-तिकडे नाही. मी मोजपट्टी लावून बघितलं. आकडे वळवताना ते शेजाऱ्याशी गॅसच्या भावाबद्दल बोलत होते, हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

उंचीचा माझा ५८ इंचांचा नियम इथे पहिल्या दहा मिनिटांत मोडला. फोटो अजून लावत होतो तोवर आज्या आल्या आणि देवळात बसतात तशा भिंतीला टेकून खाली बसल्या. मुलं त्यांच्या मांडीवर. कुणी उभं राहून बघणार नव्हतं, इथे बसून बघायचं असतं. मग सगळे फोटो खाली घेतले, मध्य ४२ इंचांवर आणला. त्यासाठी आकड्यांना साखळीसारखे आणखी आकडे जोडावे लागले, तेही त्याच दादांनी वळवले. या एका बदलानं सगळं प्रदर्शन पालटलं. लोक आले, बसले, गप्पा मारायला लागले, मध्येच उठून एखाद्या फोटोला बोट लावून काहीतरी दाखवायचे आणि परत जागेवर येऊन बसायचे. ॲक्रिलिकवर बोटांचे ठसे उमटले. मी सुरुवातीला पुसत होते, मग सोडून दिलं.

दिवे ही इथली खरी अडचण. सभामंडपात ट्यूबलाइट होत्या, त्यांची झाक हिरवट पडते आणि वरून सरळ येणारा उजेड ॲक्रिलिकवर चमकतो. मी स्टुडिओतले चार दिवे आणले, उंच स्टँडवर, साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात लावले, आणि ट्यूबलाइट दोन दिवस बंद ठेवायची परवानगी घेतली. देवापुढची समई आणि माझे दिवे, एवढंच. असं कुठे करणार असाल तर लांब वायरी आणि चिकटपट्टी जास्तच आणा. लहान मुलं पळतात, वायर जमिनीला पूर्ण चिकटलेली हवी.

आता त्या दोन दिवसांतलं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं. माझा एक फोटो कलादालनात सगळ्यांना आवडला होता, पालथ्या पातेल्याचं बूड, त्यावर ठोक्यांची वर्तुळं, बाजूनं आलेला उजेड, बाकी सगळा काळोख. अभिप्रायाच्या वहीत त्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलं गेलं होतं. आळीत एक काका त्याच्यासमोर आले, चष्मा वर केला आणि नाकाजवळ जाऊन बघितलं. म्हणाले, "हे माझ्या भावाचं काम आहे." मी चकित झाले, कारण ते खरं होतं आणि फोटोत माणूसच नव्हता. मी विचारलं कसं ओळखलं. त्यांनी बोटानं वर्तुळं मोजत दाखवलं की चौथ्या फेरीनंतर ठोके किंचित डावीकडे कलतात. भावाच्या मनगटाला लहानपणी मार बसला होता, तेव्हापासून त्याचा हात तसा पडतो. तो फोटो मी मोठ्या पडद्यावर शंभर वेळा बघितला असेल, एकेक ठिपका साफ केला असेल. ते कलणं मला दिसलं नव्हतं.

आणि मग ज्यांचा फोटो बेसिनवर लागला होता ते आजोबा आले. वय ब्याऐंशी. आता कामाला बसत नाहीत, पण पहाटे भट्टी पेटवायला तेच असतात. नातवाच्या खांद्याला धरून त्यांनी चोवीसही फोटो बघितले, एकही सोडला नाही. मी वाट बघत उभी होते. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाळ, सगळं चांगलं आहे. पण तांबं कुठे आहे?"

मला समजलं नाही. त्यांनी हात हवेत फिरवून फोटोंकडे दाखवलं. "हे ॲल्युमिनियमचं पातेलं असतं तरी असंच दिसलं असतं. तांबं तापायला लागलं की आधी जांभळट होतं, मग काळं, मग आतून लाल. आम्लाच्या पाण्यातून काढून धुतलं की गुलाबी, नव्या बाळाच्या तळव्यासारखं. त्या रंगावर आम्ही ठरवतो की आता ठोकायचं की अजून तापवायचं. रंग काढून घेतलास तर काम कसं दिसणार?"

मी रंग मुद्दाम काढले होते. दुकानांतल्या निळ्या बादल्या, भिंतीवरच्या भडक जाहिराती, कुणाचा पोपटी शर्ट, याच्यामुळे नजर भरकटते असं मला वाटायचं, आणि तसं मी कलादालनात लोकांना आत्मविश्वासानं सांगतही होते. तिथे शेकडो माणसं आली, त्यांत कितीतरी नावाजलेले फोटोग्राफर होते. ही गोष्ट कुणाच्याही तोंडून आली नव्हती. यात त्यांना कमी लेखायचं नाही, फोटो कसा झाला हे त्यांनी मला नेमकं सांगितलं. पण काम कसं होतं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच फोटोत काय राहून गेलं ते दिसतं, आणि तो माणूस बघायला येईल, बसेल, चहा घेईल आणि मोकळेपणानं बोलेल अशा जागी फोटो लावल्याशिवाय ते मला कळलंच नसतं. पन्नास किलोमीटर लांब जायचं नव्हतं. कसबा पेठेच्या मेट्रो स्थानकावरून चालत जायचं होतं.

दोन दिवसांत इथे विक्री शून्य. वहीही ठेवली नव्हती, ठेवली असती तर कुणी लिहिलं असतं असं वाटत नाही. त्याऐवजी प्रत्येक घराला चार बाय सहाचे फोटो दिले. कुटुंबागणिक एक पाकीट आधीच करून नेलं होतं. ही गोष्ट करणार असाल तर आणखी दहा पाकिटं जास्त न्या, कारण ज्यांचे फोटो काढले नव्हते तेही हक्कानं मागायला येतात, आणि "तुमचा नाही काढला" असं तोंडावर सांगणं फार जड जातं. भांडी घासून चमकवणाऱ्या एका काकूंना त्यांचा मोठा फोटो नको होता, त्यात केस विस्कटलेले होते. मी तो लगेच उतरवला आणि रविवारी दुपारी त्या नऊवारी नेसून आल्या तेव्हा नवा काढला. त्यामुळे रविवारी संध्याकाळी तेवीसच फोटो होते आणि पाइपावर दोन आकडे रिकामे लोंबत होते.

सोमवारी सकाळी सगळं उतरवलं. मांडववाल्याचे पाइप परत गेले. आकडे मी एका डब्यात भरून दादांना द्यायला गेले तर म्हणाले, "ठेव तुला. पुढच्या वेळी लागतील." ते आता स्टुडिओत माझ्या टेबलावर असतात. हात लागून लागून काही काळवंडलेत, काही चकचकीत आहेत.

यंदा पुन्हा तारखा मागितल्या आहेत, आधी आळीत, मग कलादालनात, या क्रमानं. सोळा फोटो तेच राहतील, सुती कागदावरचे सहा आणि लस्टरवरचे दहा. बाकी आठ रंगीत करायचे आहेत, आणि त्यासाठी नव्यानं काढायला हवेत. जुन्या फाइलमधून रंग परत आणून बघितला, पण मी तेव्हा दुपारच्या उजेडात काढलेले आहेत आणि आजोबा म्हणतात की दुपारी तापलेल्या तांब्याचा लाल रंग दिसतच नाही, ऊन तो खाऊन टाकतं. पुढच्या मंगळवारी भट्टी साडेपाचला पेटणार आहे. दार उघडं ठेवतो, चहा घरूनच पिऊन ये, असं त्यांनी सांगितलंय.